उत्तररंग शुक्रवारी, दहा वाजता

परीक्षा सुरू व्हायला सात मिनिटं होती आणि शकुताई दिघे परीक्षकांच्या टेबलावर नारळ ठेवत होत्या.

"शकुताई, इथे नको!" मी धावत गेले.

"मग कुठे? बुवांच्या समोरच ठेवतात."

"बुवा कोण?"

"तू की गं. दुसरं कोण आहे इथे?"

त्यांच्या मागून व्याख्यानगृहाचं दार उघडलं आणि आमच्या गणपती मंदिरातली ज्येष्ठ मंडळी एकेक करून आत यायला लागली. शकुताई धरून चौदा जण. कुणी सांगायच्या आत बायका डावीकडे बसल्या, पुरुष उजवीकडे. चपला-बूट शिस्तीत दाराबाहेर काढलेले. शरीरक्रियाशास्त्र विभागाच्या त्या चकचकीत बोळात पादत्राणांची अशी रांग ओहायो राज्यात तरी पहिल्यांदाच लागली असेल. कुणीतरी फळ्यासमोर सतरंजीही अंथरली. सगळ्यांत शेवटी नारूमामा आला, खांद्यावर उपरणं आणि हातात हार्मोनियम.

"मामा, हे काय आहे?"

"उत्तररंग," मामा म्हणाला आणि पेटी ठेवायला जागा शोधू लागला.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. पण कुठे नारळ दिसला की मी अजून आधी घड्याळ बघते.

मला डॉक्टर व्हायचं होतं. देवाच्या मनातही तेच असावं, पण पदवीचे माझे गुण बघून त्यानंही हात टेकले होते. आमच्या गावात एक मेडिकल कॉलेज होतं आणि त्याच्याच आवारात एक वर्षाचा मास्टर्सचा वर्ग चालायचा, खास माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे दारापर्यंत पोचून उंबऱ्याला अडखळलेल्यांसाठी. मेडिकलच्या पहिल्या वर्षाचीच पुस्तकं, तेच मास्तर, त्याच परीक्षा. वर्षभर त्या पोरांच्या बरोबरीनं टिकून दाखवलंत तर कॉलेज मुलाखतीला बोलावणार. नाही टिकलात तर नमस्कार.

लेखी परीक्षेत मी टिकले. तोंडी परीक्षेत मात्र माझा दगड व्हायचा. पहिल्या सत्रात डॉ. हॅलोरन बाईंनी मला श्वास कसा घेतला जातो ते विचारलं, आणि मी चार मिनिटं तो घ्यायचाच विसरले. सहा फूट उंचीच्या, हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या, कुणीही कधी हसताना न पाहिलेल्या त्या बाईंनी शेवटी मला पाणी दिलं आणि शून्यही दिलं.

आता उरली होती एकच परीक्षा. वीस मिनिटं एक विषय परीक्षकांना शिकवायचा, मग त्यांचे प्रश्न. चाळीस टक्के गुण तिथेच. बोलले तर मेडिकल, गप्प झाले तर घरी.

त्याच वर्षी नारूमामा आमच्याकडे सहा महिने राहायला आला. वाळव्याकडचा हा माझा सख्खा मामा, नारदीय कीर्तनकार. मला कीर्तनाचं वेड त्याच्यामुळेच. इस्लामपूर सोडून अमेरिकेला आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि तोवर मामाच्या एकाही कीर्तनात ही पोरगी झोपली नाही, हे तो कुठेही, कुणालाही सांगायचा. बाहेर गुडघाभर बर्फ पडलेलं, त्यामुळे मामा आमच्या तळघरात बसून पेटी वाजवायचा आणि मी तिथेच येरझाऱ्या घालत पाठांतर करायची.

एक दिवस त्यानं पेटी थांबवली.

"विषय काय तुझा?"

"हृदय दुबळं झालं की माणसाचे पाय का सुजतात."

"झकास विषय आहे की! मग एवढी रडतेस कशाला सांगताना?"

"मामा, मधेच सगळं पुसलं जातं. पुढचं वाक्यच सापडत नाही."

"माझंही जातं."

"तुझं? तू तर तीन-तीन तास बोलतोस!"

"अगं वेडे, बुवा रोज अडतो. पण अडला की गजर धरतो. विठ्ठल विठ्ठल विठ्ठल. श्रोत्यांना वाटतं रंग चढला. बुवा तेवढ्यात आत शोधून येतो. सापडलं की हात वर करायचा, गजर थांबला. लोक म्हणतात, काय तंद्री लागली होती बुवांची!"

हे ऐकून मी इतकी हसले की वरून आईनं जिन्यात येऊन चौकशी केली.

त्या दिवसापासून माझ्या पाठांतराचं कीर्तन झालं. आधी नमन. मग पूर्वरंग, म्हणजे मूळ सिद्धांत. मध्यंतराला गजर, बुवाला हार आणि बुक्का. मग उत्तररंग, म्हणजे सिद्धांत पटवणारं आख्यान. आख्यान मामानंच रचलं, वाळव्याच्या उपसा पाण्याचं. नदीवरचा पंप म्हणजे हृदय. पाटावर पाणी सोडणारा ज्ञानू पाटकरी म्हणजे मूत्रपिंड. पंप दमला की पाटाला पाणी कमी येतं. ज्ञानू बिचारा प्रामाणिक माणूस, पण त्याला नदी दिसत नाही, पाटच तेवढा दिसतो. त्याला वाटतं दुष्काळ पडला. तो फळ्या टाकतो, थेंबभर बाहेर सोडत नाही, असेल नसेल ते पाणी गावात साठवतो. नदी तर भरलेलीच असते! मग ते पाणी सखल वावरांत तुंबतं. सखल वावरं म्हणजे पाय.

"खरंच असंच होतं का गं आत?" मामानं विचारलं.

"अगदी असंच."

"मग देवानं ज्ञानूला नदीवर जाऊन बघायची अक्कल का नाही दिली?"

हा प्रश्न आमच्या पुस्तकात नव्हता.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम ठरली, मंदिराच्या सभागृहात, ज्येष्ठांसमोर. या मंडळींत सगळ्यांत पुढे बसायचे दामूअण्णा खांबेटे. कराडच्या एस.टी. डेपोतले निवृत्त कंट्रोलर, मुलाकडे राहायला आलेले. अण्णांचा आवाज असा की डेपोचा ध्वनिक्षेपक बिघडला तरी दोन-दोन महिने कुणी दुरुस्त करायचं नाही, गरजच पडायची नाही. मंदिरात आरतीला ते उभे राहिले की पुजारी घंटा वाजवायचं सोडून द्यायचा.

त्या रविवारी मी एकदाही अडले नाही. सांगून खोटं वाटेल, पण नमनापासून माझी जीभ अशी सुटली की माझी मलाच भीती वाटली. तरी मामानं चारदा गजर धरला. मी हात वर करायची, तो थांबायचा नाही. दहा-दहा मिनिटं विठ्ठल विठ्ठल. मला वाटलं, मामा मला सांभाळून घेतोय. शेवटी पूर्वरंग संपून ज्ञानूचं नुसतं नाव निघालं तोच सात वाजले आणि सभागृह बंद करायची वेळ झाली.

"अहो, पण आख्यान?" शकुताई म्हणाल्या.

"ज्ञानूचं पुढे काय झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

आमच्या लोकांना एक वेळ अर्धं जेवून उठवा, अर्ध्या कीर्तनातून उठवू नका. पूर्वरंग ऐकून उत्तररंग चुकला तर त्यांना आठवडाभर झोप लागत नाही. मामा शांतपणे उभा राहिला, उपरणं सारखं केलं आणि म्हणाला, "उत्तररंग शुक्रवारी, दहा वाजता, चिरंजीव वृंदाच्या कॉलेजात. श्रोत्यांनी अगत्य यावं."

मी समजले, मामा गंमत करतोय.

तर शुक्रवारी, दहाला पाच कमी असताना, डॉ. हॅलोरन आत आल्या. त्यांनी नारळ पाहिला. सतरंजी पाहिली. पहिल्या रांगेत मामानं दामूअण्णांना खुर्ची दिली होती आणि त्यांच्या पायांखाली दुधाचा रिकामा क्रेट उपडा ठेवला होता. तोही त्यांनी पाहिला.

"ही मंडळी कोण?"

"माझे..." मला शब्द सापडेना. "श्रोते."

"सूचनेत लिहिलंय, सर्वांना प्रवेश," शेजारचे तरुण परीक्षक म्हणाले. ती ओळ आजवर कुणी खरी मानली नव्हती.

बाई खुर्चीत बसल्या, लाल पेनाचं टोपण काढलं. "वीस मिनिटं," त्या म्हणाल्या.

मी गाणार नव्हते, आईशपथ. साधं इंग्रजीत बोलायचं, चित्रं दाखवायची आणि बसायचं, असं ठरवलं होतं. पण मामानं पेटीवर सूर धरला. लहानपणापासून तो सूर लागला की माझा उजवा पाय आपोआप ठेका धरतो, त्याला मी काय करणार? नमन होऊन गेलं तेव्हा कळलं की ते झालं.

मग मी इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील.

"पोरी," दामूअण्णा म्हणाले, "इंग्रजीत पाटकरी कसा काय बसणार?"

"अण्णा, परीक्षा आहे माझी!"

"असू दे की. आम्ही सव्वा तासाची बस धरून आलोय."

तडजोड झाली. एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत. सात मिनिटांत मी सगळा पूर्वरंग उरकला, आणि खरं सांगते, देवाची कृपा, सगळा बरोबर उरकला. तरुण परीक्षक तर मान डोलवायला लागले होते. इतक्यात शकुताई उठल्या. एका हातात हार, दुसऱ्या हातात बुक्क्याची डबी.

"शकुताई, आत्ता नको!"

"मध्यंतर झालं ना?"

त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि थेट परीक्षकांच्या टेबलाकडे वळल्या. बुक्का सगळ्यांना लावतात, त्यात पंक्तिभेद नाही. तरुण परीक्षकांनी हौसेनं डोकं पुढे केलं. डॉ. हॅलोरन मात्र इंजेक्शन घेताना माणूस बसतो तशा ताठ बसल्या. कपाळाच्या मधोमध काळा ठिपका उमटला. मग त्यांना तीन शिंका आल्या. शकुताई म्हणाल्या, "शुभ असतं."

मी डोळे मिटले. गेलं मेडिकल, मी मनात म्हटलं. जाता जाता ज्ञानूला तरी न्याय देऊ.

आणि ज्ञानूनं सभा जिंकली. तो फळ्या टाकतो तिथे श्रोते हळहळले. "अरे बाबा, नदीवर जाऊन बघ की!" असं मागून एक आजोबा खरोखर ओरडले. पाण्याचा लोंढा पायांकडे वळला तेव्हा डॉ. हॅलोरननी पेन खाली ठेवलं.

"एक मिनिट. एक प्रश्न," त्या म्हणाल्या.

पेटी थांबली.

"तुमचा पाटकरी मला समजला. पण रुग्णाला पाटकरी दिसत नाही. तुमच्यासमोर माणूस बसलाय आणि त्याला आपल्याला काही झालंय हेच माहीत नाही. तुम्हाला कसं कळणार? पुस्तकातलं नको. बघून सांगा."

आणि सगळं पुसलं गेलं.

पाहिलं तर सोपा प्रश्न. पण बाईंच्या कपाळावरचा तो ठिपका, त्याखालचे ते दोन डोळे, आणि माझ्या डोक्यात पांढरं शुभ्र बर्फ. पाच सेकंद गेले. दहा. बाईंनी पेन पुन्हा उचललं.

"विठ्ठल विठ्ठल विठ्ठल," मामानं गजर धरला.

क्षणात सभेनं तो उचलला. टाळ्या सुरू झाल्या. तरुण परीक्षकांनी टेबलावर ठेका धरला. बुवांची तंद्री लागली असं समजून शकुताईंनी हात जोडले. मी आत शोधत होते आणि आत काहीच नव्हतं, म्हणून मी बाहेर बघितलं. समोर. पहिल्या रांगेत.

दामूअण्णा गजर म्हणत नव्हते.

टाळ्या वाजवत होते, ओठ हलवत होते, पण आवाज नव्हता. ज्यांच्यामुळे पुजारी घंटा वाजवायचं सोडायचा, ते अण्णा प्रत्येक दोन "विठ्ठल"नंतर थांबून श्वास गोळा करत होते. माझी नजर खाली गेली. मोजे काढलेले होते. क्रेटवर उघडे पाय, दोन्ही फुगलेले, चकाकणारे, आणि घोट्याच्या वर मोज्याची खाच अशी खोल, की जणू कुणी दोरी बांधून सोडली होती.

मी हात वर केला. गजर थांबला.

"अण्णा, झोपताना उशा किती घेता?"

"आँ? हे काय कीर्तनात विचारायचं असतं होय?"

"अण्णा, किती?"

"तीन. या आठवड्यात मात्र खुर्चीतच झोपतो. इथल्या उशाच कुचकामी."

"आडवं पडलं की दम लागतो?"

"थोडासा. हवा बदल आहे, दुसरं काय!"

मी बाईंकडे वळले. इंग्रजी कुठून आली कोण जाणे, पण आली. "आवाज खाली जातो," मी म्हटलं. "चपला घट्ट होतात. उशा वाढतात. आणि तो प्रत्येक गोष्टीचं कारण दुसरंच सांगतो. बाई, हा माणूस माझ्यासमोर बसलाय. तुम्ही बघता का?"

डॉ. हॅलोरन उठल्या. सतरंजीवर गुडघे टेकून त्यांनी अण्णांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला.

"ह्या बाई माझ्या पाया का पडतायत?" अण्णा घाबरून म्हणाले.

"पडू द्या, अण्णा," मामा म्हणाला. "मोठ्या डॉक्टर आहेत त्या."

बाईंनी अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा.

पुढच्या तीन मिनिटांत चाकाची खुर्ची आली. अण्णांनी तिच्यात बसायला साफ नकार दिला.

"आरती झाल्याशिवाय मी उठत नसतो. तेहतीस वर्षांत एक गाडी मी अर्ध्या रस्त्यातून परत बोलावली नाही."

"अण्णा, कीर्तन थांबत नाही," मी म्हटलं. "ते तुमच्याबरोबर येतंय."

मग ते बसले. मेडिकल कॉलेजातून इस्पितळात जायला काचेचा पूल होता. त्या पुलावरून आमची मिरवणूक निघाली. कपाळाला बुक्का लावलेल्या डॉ. हॅलोरन खुर्ची ढकलतायत, शेजारी गळ्यात हार घालून मी ज्ञानूचं उरलेलं आख्यान सांगत चाललेय, मागे नारळ घेऊन शकुताई, आणि त्यांच्यामागे गजर करत बारा जण अनवाणी. पहारेकऱ्यानं अडवायला हात वर केला. मंडळींना वाटलं गजर थांबवायचा, म्हणून सगळे चिडीचूप झाले आणि तो बिचारा ओशाळून बाजूला झाला.

अण्णांना पलंगावर घेतलं, नाकाला नळी लावली, हृदयाचा आलेख काढला. अजून दोन दिवस गेले असते तर कठीण होतं, बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. ज्ञानूला कुणीतरी नदीवर नेलं आणि त्यानं फळ्या उघडल्या, हा शेवट मी अण्णांच्या कानाशी कुजबुजत सांगितला, कारण आजूबाजूला इतर रुग्ण होते. शकुताईंनी निरांजन काढलं तशी परिचारिका किंचाळलीच. प्राणवायूजवळ ज्योत चालत नाही.

"मग आरती कशानं करायची?" शकुताई रडकुंडीला आल्या.

मी भाषांतर केलं. डॉ. हॅलोरननी क्षणभर विचार केला, कोटाच्या खिशातली डोळे तपासायची छोटी विजेरी काढली, लावली आणि शकुताईंच्या ताटात ठेवली.

पांडुरंगाला मी आजवर किती ज्योती ओवाळल्या असतील. पण ती विजेरी मी विसरले नाही.

निकाल लागला. बाईंचा शेरा असा होता: विषयाची समज, उत्तम. मांडणी, यापूर्वी असं पाहिलेलं नाही. वेळेचं भान, शून्य. खाली बारीक अक्षरात होतं: काळी पूड कपाळावरून निघते, पांढऱ्या कोटावरून निघत नाही. गुण हवे होते त्यापेक्षा दोन जास्तच मिळाले. मुलाखतीचं पत्र आलं, आणि जूनअखेर कॉलेजातली जागा पक्की झाली.

जुलैत मामा परत निघाला. विमानतळावर सगळी मंडळी पोचवायला आली होती. दामूअण्णाही होते, सडसडीत झालेले, मिठावाचून जेवण म्हणजे शिक्षा आहे असं येणाऱ्या-जाणाऱ्याला मराठीत सांगत. मामाचं सामान गेलं. आम्ही दोघं जरा बाजूला उभे होतो. तेव्हा मला इतके दिवस टोचत असलेलं ते एकदम तोंडात आलं.

"मामा, त्या रविवारी मी एकदाही अडले नव्हते."

"नव्हतीस."

"मग चारदा गजर का धरलास?"

मामानं अण्णांकडे पाहिलं. ते ऐकत नाहीत अशी खात्री करून घेतली.

"वेळ संपवायला. तो दामू त्या दिवशी मंदिराच्या पाच पायऱ्या चढताना दोनदा थांबला. चपला मुलाच्या घातलेल्या. आणि मी तळघरात दोन महिने तुझी एकच टकळी ऐकत होतो, पाय सुजतात, दम लागतो, पाय सुजतात. म्हटलं, वृंदाचा ज्ञानू तो हाच की. त्याच्या पोरानं तीनदा डॉक्टरची वेळ घेतली, तीनदा हा पळाला. मी म्हटलं तर मलाच शिव्या दिल्या. डॉक्टरकडे तो जन्मात गेला नसता. पण अर्धं राहिलेलं कीर्तन असेल तिथे तो रांगत गेला असता."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी त्याच्या घरी धावली असतीस. तो पुन्हा पळाला असता."

"पण मला ते दिसलंच नसतं तर?"

"म्हणून तर क्रेट ठेवला."

"आणि मी नापास झाले असते तर, मामा? माझं वर्ष गेलं असतं!"

"गेलं असतं," मामा म्हणाला. "जन्मभर माझं डोकं खाल्लं असतंस. तुला दुसरं वर्ष मिळालं असतं, बाळ. त्याला कुठून आणून दिलं असतं आपण?"

मला काहीतरी बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि पुढचं वाक्यच सापडेना. डोळ्यांपुढे सगळं पांढरं.

मामाला ती शांतता ओळखीची होती. त्यानं पिशवी खाली ठेवली, उपरणं सारखं केलं आणि टाळी वाजवली. "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल."

काय झालं, कशासाठी, असं काही न विचारता दामूअण्णांनी मान वर केली आणि गजर उचलला. एकट्यानं. कराड डेपोच्या शेवटच्या फलाटापर्यंत पोचेल अशा आवाजात. तपासणीच्या रांगेतली दोनेकशे माणसं एकदम वळून बघायला लागली.